मसाकाच्या संमेलनाला यायची कारणं

मसाका,
३ ऑगस्ट

प्रिय लुताया,

अनेक आशीर्वाद. नैरोबीतली थंडी सोसतोयस ना? जेवण वेळेवर होतंय का, की अजून चहा आणि पाव यावरच कारभार चाललाय? इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या मेहुण्याचं, बोसाचं दुकान ठीक चाललंय. मुलींना अजून सुट्टी लागायची आहे, पण त्यांच्या मनाने ती केव्हाच लागली. अंगणातल्या फणसाला यंदा इतकी फळं धरली आहेत की शेजारी आमच्या दारावरून जायला घाबरतात, न जाणो नांतुमे अजून एक फणस गळ्यात मारायची.

रेस्टी कामासाठी नैरोबीला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतेय. फोन का केला नाही ते तू जाणतोसच. फोनवर एक ठराविक शब्द निघाला की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही.

तर मुद्द्याचं. या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी इथे मसाकात वेबसाइट बनवणाऱ्यांचं संमेलन आहे. आजवर कंपालावाले भरवायचे, यंदा आम्ही भांडून मागून घेतलं. रेस्टी अध्यक्ष, आणि मी खुर्च्या, जेवण, पाहुण्यांची झोपायची सोय आणि सगळ्यांची बोलणी खाणं, या खात्यांची प्रमुख. तू यावंस असं मला वाटतं. का यावंस, ते सांगते.

एक तर जेवण. कंपालाला तुम्हाला डब्यातला थंड भात मिळायचा. इथे केळीच्या पानात वाफवलेलं कोंबडीचं लुवोंबो आहे, आणि सकाळी फाटकाशी रोलेक्सवाला बसणार आहे, चपातीत अंडं गुंडाळून गरम गरम हातात देणारा. नैरोबीत ती चव मिळते असं तू म्हणालास तर मी मानणार नाही.

दुसरं म्हणजे माणसं. तू वर्षानुवर्षं फोरमवर बसून ज्यांच्या अडचणी सोडवल्यास, त्यांतले निम्मे येताहेत. कालुंगूच्या कॉफी सोसायटीची साइट सांभाळणारी एक मुलगी आहे. तुझ्या उत्तरामुळे माझी नोकरी वाचली, असं ती येईल त्याला सांगत सुटते. तिला तू कोणी पांढऱ्या दाढीचा म्हातारा वाटतोस. तिचा भ्रमनिरास करायला तरी ये.

शिवाय कामं मिळतात, ओळखी होतात, फुकट टी-शर्ट मिळतो. आणि पहिल्या दिवशी सगळे एका टेबलाला बसून फुकट काम करतात, कोणी भाषांतर करतो, कोणी नवशिक्यांना हात धरून शिकवतो. पगाराशिवाय एवढं राबणारी माणसं मी चर्चमध्येही पाहिली नाहीत.

इथवर लिहून मी रेस्टीला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "हे पोस्टरवर छाप. भावाला खरं लिही."

मग चहा केला, मुलींना उगाच रागावले, आणि आता पुन्हा बसलेय.

आपले ताता आमच्या वेबसाइटवाल्यांच्या मासिक बैठकीला येतात. वाचलंस? पत्र ठेवू नकोस, पुढे वाच. दोन वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेची साइट त्यांच्या गळ्यात घातली, मुख्याध्यापक म्हणून त्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत या कारणाने. हो, तीच साइट. तू शेवटच्या वर्षी अभ्यास सोडून बनवलेली, जिच्यापायी तू परीक्षेत आपटलास आणि मुख्याध्यापकाचा मुलगा नापास म्हणून गावभर बोभाटा झाला. पहिल्या दिवशी ते कोट घालून आले. अर्धी खोली त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सगळे ताडकन उठले, मुली रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसल्या. रेस्टीने हात जोडून सांगितलं की इथे कोणी सर नाही, ज्याला येतं तो शिकवतो आणि बाकीचे ऐकतात. मला वाटलं, आता हे आल्या पावली निघणार. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मागच्या बाकावर बसले. तेव्हापासून एक बैठक चुकवली नाही.

या मार्चमध्ये त्यांनी आपल्या लोकांतलाच तो अमर घोळ घातला. साइटची प्रत न घेता, चालू साइटवर, सगळी अपडेटची बटणं एकामागोमाग दाबली. पडदा पांढराफटक. शाळेचे साठ वर्षांचे फोटो, मेलेल्या मास्तरांची नावं, सगळं गेलं. ताता त्या पांढऱ्या पडद्यासमोर दिवसभर बसून राहिले. जेवले नाहीत. मी हात लावून पाहिला, मला काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइट होती तशी उभी.

त्यांना वाटलं मी केलं. मला नोंदीत तुझं जुनं खातं दिसलं. लुताया, अकरा वर्षं तू त्या साइटवर नजर ठेवून आहेस आणि तिची प्रत जपतो आहेस, हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तू घरी येत नाहीस, फोनवर त्यांचं नाव ऐकत नाहीस, आणि हे करतोस. गाढवा.

मी त्यांना सांगितलं. लपवायला हवं होतं का? मला नाही वाटत. त्यांनी विचारलं, "त्यानं प्रत ठेवली होती?"

मी हो म्हटलं.

"मी त्याचं काहीच ठेवलं नाही," ते म्हणाले, आणि फणसाखाली जाऊन उभे राहिले.

माझ्या लग्नाच्या क्वांजुलाबद्दल, त्या मागणीच्या समारंभाबद्दल, आपण कधीच बोललो नाही. आता बोलते. नवऱ्याकडून आलेला कोंबडा मुलीच्या भावाने हातात घ्यायचा, तेव्हा कुठे घराने मुलगी दिली असं होतं. तू इस्त्रीचा पांढरा पायघोळ कान्झू घालून मांडवात उभा होतास. आपल्या बाजूने बोलणाऱ्या गृहस्थांना तातांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि नाव पुकारलं गेलं ते चुलत भावाचं, कातेंदेचं. मी चटईवर गुडघे टेकून बसले होते. कातेंदे तो फडफडणारा कोंबडा धरतोय आणि तू मांडवातून बाहेर जातोयस, हे दोन्ही मला एकदम दिसलं. त्याच कान्झूत तू बस पकडलीस. आई असती तर हे झालं नसतं, असं बायका पुटपुटत होत्या. त्या दिवसाचं मला गोड काही आठवत नाही.

तातांनी तसं का केलं, ते मला आजही माहीत नाही. रागाने केलं, लाजेने केलं, की कोणी कान भरले. मार्चनंतर मी धीर करून विचारलं. म्हणाले, "ज्याचा प्रश्न आहे त्याला विचारू दे. उत्तर त्याचं आहे, तुझं नाही."

लुताया, वर मी सगळे बरे आहेत असं लिहिलंय. सगळे बरे नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा आवाज बसला होता. आम्ही म्हणायचो, जन्मभर खाल्लेली खडूची भुकटी. मध घेतला, आल्याचा रस झाला. जूनमध्ये बोसाने त्यांना जबरदस्तीने कंपालाला नेलं. घशात गाठ आहे, वाईट जातीची. स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, बहुतेक वाचेल. पुढे श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. आवाज मात्र राहणार नाही. मैदानाच्या त्या टोकाला उभ्या मुलाची चड्डी ओली करणारा तो आवाज, लुताया.

शस्त्रक्रिया संमेलनानंतरच्या मंगळवारी आहे. डॉक्टरांना लवकर करायची होती, यांनी अडवून धरली. कारण शनिवारी दुपारी, जेवणानंतर, त्यांचं भाषण आहे. आपल्या साइटची प्रत कशी ठेवावी, नवशिक्यांसाठी. विषय साधा आहे, पण रोज संध्याकाळी फणसाखाली घोगऱ्या आवाजात सराव चालतो, आणि माझ्या मुली प्रेक्षक होऊन टाळ्या वाजवतात. मी भांडले. भाषणासाठी कोणी जीव धोक्यात घालतं का? ते म्हणाले, "शिक्षक आहे. गप्प व्हायच्या आधी एक तास घेऊ दे."

आजाराचं तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. दया म्हणून आलेला मुलगा त्यांना नको. तू येशील अशी आशा त्यांनी तोंडाने एकदाही बोलून दाखवली नाही. पण भाषणासाठी कुठला दिवस हवा असं रेस्टीने विचारलं, तेव्हा त्यांनी शनिवार मागितला; नैरोबीहून शुक्रवारी निघालेली बस शनिवारी सकाळी पोचते म्हणून. हे रेस्टीने मला परवा सांगितलं. बसचं वेळापत्रक त्यांना कुठून कळलं, देव जाणे.

आता तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. सगळी भाषणं चित्रित होतात आणि नंतर साइटवर चढतात; लिंक पाठव ताई, बघीन. पाठवीन. आवाज त्यात राहील, नातवंडं ऐकतील. चित्रण सगळं सांगतं, पण तू काही विचारलंस तर उत्तर देत नाही.

म्हणून यायचं खरं कारण एवढंच. भाषण संपलं की प्रश्नांची वेळ असते. माइक हातोहात फिरतो, आणि तिथे रीत अशी की कोणीही उठून काहीही विचारावं, वक्त्याने टाळू नये. त्या दिवशी माइक कोणाच्या हाती जाईल ते मी ठरवते. तू मागे उभा राहा, पुढे बस, वाटलं तर उत्तर ऐकून पाय आपटत निघून जा, मी अडवणार नाही. पण विचार. सगळ्यांसमोर विचार किंवा नंतर एकटं गाठून विचार. मंगळवारनंतर ते पाटीवर लिहून उत्तर देतील, आणि तातांची अक्षरं किती नेटकी, किती आखीव असतात ते तुला माहीत आहे. त्यात त्यांच्या आवाजातला कंप दिसणार नाही.

तुझी थोरली बहीण, तुझ्यासाठी शपथ मोडणारी,

नांतुमे