तगरकोंडीची मागणी शून्य नाही

प्रति,
मा. प्राधान्यक्रम अधिकारी,
उपग्रह इंटरनेट प्रायोगिक योजना,
विभागीय कक्ष, लातूर.

विषय : मौजे तगरकोंडी (पुनर्वसित), ता. निलंगा येथील आरोग्य उपकेंद्रास पहिल्या टप्प्यातच जोडणी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दिवाळीतील पत्र.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांचे उत्तर आलेले नाही.

अर्जदार : सौ. जगदेवी संगप्पा बिराजदार, आशा कार्यकर्ती, वय ४१.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करते, की आपले पत्र पोस्टमनने उपकेंद्राच्या ओट्यावर आणून दिले आणि मी ते गावाला मोठ्याने वाचून दाखवले. ज्या ठिकाणाहून ऑनलाइन मागणी जास्त, तिथे जोडणी आधी, असा नियम त्यात आहे. तगरकोंडीची मागणी शून्य, सबब गाव तिसऱ्या टप्प्यात. साहेब, आमच्या गावात रेंजच नाही. जोडणी पाहिजे हे ऑनलाइन सांगायला आधी रेंज लागते, हे आपल्या कक्षात कोणाच्याच ध्यानात आले नाही काय? ऐंशीच्या घरातल्या साखराबाईंनी पत्र ऐकून विचारले, "मंग त्याइला आपलं गाव हाय ते कसं कळलं?"

१. गावाच्या वर माळावर पाण्याची टाकी आहे. तिथे रेंज येते, पण ती शेजारच्या राज्यातल्या टॉवरची. आम्ही बारा घरांची माणसे माळ चढून गेलो आणि तिथून मागणी नोंदवली. आठ दिवसांनी मेसेज आला, की अर्जदार राज्याबाहेरील असल्याने नोंदणी रद्द करण्यात येत आहे. आम्ही कर्नाटकात गेलो नव्हतो. टाकीपाशीच उभे होतो.

२. मग बाराही घरांची आधार कार्डे पिशवीत घालून मी एसटीने लातूरला गेले. क्लासेसच्या भागात एका इमारतीच्या तळमजल्यावर नेट कॅफे आहे, तिथे बसून बारा अर्ज भरले. पावत्या निघाल्या, गावात साखर वाटली. नंतर आपल्याच कक्षातल्या बाईंनी खिडकीतून सांगितले, की अर्जात काय पत्ता लिहिला ते बघत नाहीत, अर्ज जिथून भरला ती जागा धरतात. म्हणजे आमची बारा घरे क्लासेसच्या भागात जमा झाली. तिथली मागणी आम्हीच बारा घरांनी वाढवली, आणि आपली पहिली इंटरनेटची छत्री नेमकी त्याच इमारतीच्या गच्चीवर बसली. मी ती रस्त्यावरून मान वर करून पाहिली. त्या इमारतीत आधीच तीन कंपन्यांच्या वायरी आहेत. लेकरांच्या शिकण्यावर माझे काही म्हणणे नाही. माझा पुतण्या हरिओम तिथेच दोन वर्षांपासून डॉक्टरकीची तयारी करून राहिलाय. त्यांनाही मिळावे. आधी कोणाला, एवढेच मी विचारते.

३. माझी मुलगी शिल्पा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठवा महिना आहे आणि बीपी वाढते. डॉक्टरीणबाईंनी २० तारखेला निलंग्याला दाखल करायला सांगितले आहे. त्याआधी डोके ठणकले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तासाच्या आत दवाखाना गाठा, असे बजावले आहे. मागच्या मंगळवारी सकाळी अंधारी आली. मी वीस मिनिटे माळ चढून रुग्णवाहिकेचा नंबर लावला. तो कर्नाटकात लागला. मला कानडी येते, सगळे सांगितले. पलीकडच्या मुलीने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, अक्का, तुमचं गाव आमच्या यादीत दिसत नाही. तिचा आवाज रडवेला झाला होता, तिला मी दोष देत नाही. गावात एकच जीप आहे, गुंडप्पांची. ती रोज पहाटेच क्लासच्या पोरांचे डबे घेऊन लातूरला जाते. त्या दिवशी पंक्चर झाली म्हणून अजून गावात होती. माझी लेक वाचली ती पंक्चरमुळे. बीपी उतरल्यावर दोन दिवसांनी तिला घरी सोडले, आणि जीप दुसऱ्या दिवसापासून परत वेळेवर जाऊ लागली. मी हे आशा म्हणून लिहिते आणि आई म्हणूनही लिहिते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. मला भीती वाटते, साहेब. सकाळी उठून आधी तिचे डोळे बघते.

आपला नियम मला नवा नाही. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाहेरून मदतीला आलेली माणसे ढिगाऱ्यांना कान लावून फिरत होती. जिथून आवाज येईल, तिथे आधी उकरत होती. हात कमी आणि ढिगारे फार, त्यामुळे त्यांनाही काहीतरी ठरवणे भाग होते. आमच्या घरावर एक माणूस पालथा पडून बराच वेळ ऐकत राहिला. मग उठून म्हणाला, "इथून काही आवाज नाही, पुढे चला." मी त्याचा शर्ट धरून ठेवला होता, तो त्याने सोडवून घेतला. आई तिसऱ्या दिवशी निघाली. तोंडात माती गेली होती म्हणून तिला हाक मारता आली नव्हती. वडिलांनी तिला उचलले तेव्हा अंग अजून ऊन होते, असे ते मरेपर्यंत सांगत.

त्या माणसावर माझा राग नाही, त्याला कळायला मार्ग नव्हता. आपल्यावर मात्र आहे. आपल्याला मी तीनदा लिहून कळवले, ही चौथी वेळ.

तरी विनंती, की यादी करताना जिथून काहीच नोंद येत नाही, तिथे आधी एखादा माणूस पाठवून बघावे. आमच्या उपकेंद्राची गच्ची झाडून ठेवली आहे. छत्री बसवायला आलेल्यांचे जेवण आमच्याकडे राहील. २० तारखेच्या आत जमत नसेल तर तसे पत्राने कळवावे, म्हणजे शिल्पाला निलंग्यात कोणाच्या ओसरीवर ठेवता येते का ते मी बघेन.

आणि तोवर तगरकोंडीहून फोन आला नाही, तर तिथे सगळे बरे आहे असे कृपया धरू नये.

आपली नम्र,
जगदेवी संगप्पा बिराजदार
तगरकोंडी (पुनर्वसित)
दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. बारा घरांच्या सह्या व अंगठे.
२. आधीच्या तीन अर्जांच्या रजिस्टर पोस्टाच्या पावत्या.
३. शिल्पाच्या माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स. (बीपीच्या आकड्यांखाली पेनाने रेघ मारली आहे.)