शेड तीन ते नागपूर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नाही लागला. दिवसभर टाइप करत बसले, नाही लागला!

त्यात कालचा राग अजून गेलेला नाही. दसरा, गांधी जयंती आणि आमच्या एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी – तिन्ही एकाच दिवशी! असलं कॅलेंडर कोण छापतं? आई-पप्पांबरोबर देहूरोडला धम्मभूमीवर गेले, उन्हात रांगेत उभी राहिले, आणि आज सकाळी पुन्हा दिघी ते चाकण, तेच कंटेनर, तीच धूळ.

काम तसं एका ओळीचं आहे. शेड तीन नवीन. तिथली टेस्टिंगची मशिनं नागपूरच्या हेड ऑफिसच्या सर्व्हरला जोडायची. शेडच्या कोपऱ्यात रॅक आहे, रॅकमध्ये एक काळी पेटी. तिला एवढंच सांगायचं की बाई, नागपूरसाठी काही आलं की या दारानं बाहेर काढ. याला म्हणायचं रूट. माऊस-बिऊस नाही, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, एंटर मारायचा. 'चहा पिऊन होईपर्यंत होईल,' असं सुजित सर म्हणाले. सुजित सर आमचे आयटीचे मॅनेजर. ते वाकडच्या टॉवरमधून काम करतात. त्यांचा चहा होत असेल.

पेटीचं उत्तर : नेटवर्क इज अनरीचेबल.

४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा तेच. अनरीचेबल.

चिडून काही बोलून बसू नये म्हणून इथे लिहून ठेवते, की मी हे सगळं का सहन करतेय. इतकी वर्षं एजन्सीकडून कॉन्ट्रॅक्टवर आहे. गळ्यातल्या आयकार्डची पट्टी पिवळी. परमनंटवाल्यांची निळी. गणपतीच्या आधी सर म्हणाले, 'दिवाळीपर्यंत शेड तीन नागपूरला जोडून दे, तुझ्या परमनंटचं मी बघतो.' मी वेडी, घरी येऊन सांगितलं.

पप्पा आयुष्यभर भोसरीत टेम्पररी राहिले. काही महिने झाले की ब्रेक, पुन्हा नवीन म्हणून भरती. असं करत करत कंपनीच बंद झाली. त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्यांना सांगून आले. आता येता-जाता बायका विचारतात, झालं का गं परमनंट?

झालं नाही. अनरीचेबल आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

नागपूरच्या बाजूला एक योगिनी म्हणून मुलगी आहे. आजपासून तिच्याशीच बोलायचं, सरांनी नंबर दिला. आवाजावरून माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच वाक्याला ताई म्हणाली.

कळलं असं, की आम्हाला मेलमध्ये दिलेला त्यांच्या लाइनचा नंबरच जुना होता. मागच्या वर्षीच बदललेला! मेल कुणाचा? सरांचा. दोन दिवस मी बंद दारावर थापा मारत होते. नवीन नंबर घातला, एंटर मारला.

फाइल एक्झिस्ट्स.

म्हणजे आधीचा काहीतरी अर्धवट रूट आत बसलाय, तो काढल्याशिवाय नवा घेणार नाही. योगिनी म्हणाली, 'इकडे पण असंच करून राहिलं ना ताई, मला वाटलं माझंच चुकून राहिलं.' बरं वाटलं. चूक कुणाची का असेना, सोबत कुणीतरी आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज जुना रूट काढायला गेले तर : ऑपरेशन नॉट परमिटेड. मला? माझ्याच पेटीवर? मुख्य पासवर्ड सरांकडे आणि सर मीटिंगमध्ये. संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्ये.

८ ऑक्टोबर, बुधवार

पासवर्ड मिळाला. जुना रूट काढला, नवा घातला. पेटीनं निमूट घेतला! एक अक्षर उलट बोलली नाही. मी खुर्चीतून उठले. मग नागपूरला हाक मारून बघितली – होस्ट अनरीचेबल. परत बसले.

सरांना फोन केला. म्हणाले, रिस्टार्ट केलंस का? केलं. परत एकदा करून बघ. केलं. मग म्हणाले, दीक्षा, जरा लक्ष देऊन कर, मॅनेजमेंटचं या कामावर लक्ष आहे. मी 'हो सर' म्हणाले. दात आवळून 'हो सर' म्हणण्यात मी परमनंट आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. म्हणून शहाणपणा सुचला. घरून, साध्या इंटरनेटवरून पेटीत लॉगिन केलं. सगळे रूट पुसून पहिल्यापासून लिहू म्हटलं. पहिलाच पुसला तो बाहेर जाण्याचा मुख्य रूट, म्हणजे ज्यावरून मी स्वतः आत गेले होते तोच! स्क्रीन जागच्या जागी थिजली. घराबाहेर उभं राहून लॅच ओढून घेतल्यासारखं झालं, किल्ली आत.

आता जगातलं कुणीही त्या पेटीत बाहेरून शिरू शकत नव्हतं. तिच्यासमोर जाऊन बसणं एवढाच उपाय. आई भाकरी वाढत होती. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी कुठं निघालीस? काय सांगू? गाडी काढली. मोशीपर्यंत ठीक, पुढे नेहमीप्रमाणे तळेगाव चौकात अडकले. एका ओळीसाठी चाकण. एका ओळीसाठी!

वॉचमननं गेट उघडताना सांगितलं, ताई, आज सुट्टी आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

योगिनीला कालचं सांगितलं. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. तीसुद्धा कॉन्ट्रॅक्टवरच आहे. घरी आई आणि धाकटा भाऊ, रोज वाडीहून बस. म्हणाली, 'ताई, हे लागलं ना, की आपण दोघी एकदा भेटू.'

लागलं तर.

११ ऑक्टोबर, शनिवार

होस्ट अनरीचेबल. इतका मोठा दिवस आणि लिहायला एवढंच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं!! आणि कुठे सापडलं!

रॅकच्या मागे टॉर्च घेऊन बसले होते. पेटीच्या एका सॉकेटमध्ये केबलच्या शेजारी झेंडूची पाकळी अडकलेली. पिवळीधमक, सुकलेली. मी पाकळीकडे बघत राहिले. इथे झेंडू कसा?

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत सगळी मशिनं बंद करून पुसतात, हळद-कुंकू लावून हार घालतात. मेंटेनन्सचे हिंदुराव मामा हे सगळं करतात आणि कुणाला मध्ये पडू देत नाहीत. त्यांना बोलावलं. पेटीचीही पूजा केली का मामा? त्यांचा चेहरा खुलला. 'व्हय तर. नवीन मशिन, पहिलीच पूजा. वायरी काढून आतनं-बाहेरनं पुसली, पुन्हा लावल्या. बसत्यात तितंच लावल्या.'

बसत्यात तितंच! सगळ्या केबली सगळ्या सॉकेटमध्ये बसतात, हाच तर घोळ आहे. इंटरनेटची केबल नशिबानं जागेवर होती. पण नागपूरच्या लाइनची शेडच्या सॉकेटमध्ये आणि शेडची नागपूरच्या. दिवे दोन्हीकडे हिरवे. म्हणजे मी इतके दिवस बिनचूक कमांड टाइप करत होते, आणि पेटी इमानानं नागपूरचं सगळं शेडमध्ये ढकलत होती.

मामांवर ओरडणार होते. पण ते विचारायला लागले, पूजेत काही कमी राहिलं का ताई? काय ओरडणार? केबली बदलल्या. नागपूरनं पहिल्या हाकेला ओ दिली.

योगिनीला फोन केला. दोघी एकदम बोलत होतो, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रूट फाइलमध्ये कायमचा लिहून टाकला. नुसती कमांड मारली तर पेटी बंद होताच रूट जातो. फाइलमध्ये ओळ असली की लाइट जाऊ दे, काही होऊ दे, पेटी उठल्या उठल्या स्वतःच लावून घेते. सर खूश. म्हणाले, योगिनीलाही पेटीचं लॉगिन देऊन ठेव, तिला नागपूरहून आत बघता आलं पाहिजे. दिलं. आता पासवर्ड आम्हा तिघांकडे.

परमनंटचं विचारलं. म्हणाले, दिवाळीनंतर बसून बोलू. पप्पांना तेवढंच सांगितलं, त्यांनी संध्याकाळी पेढे आणले. मी म्हटलं अजून झालं नाही पप्पा. म्हणाले, काम झालं ना? मग झालं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

योगिनीचा फोन. शेड तीनच्या मशिनांची नावं विचारत होती, कुठलं कुठे बसवलंय, बंद पडलं तर कुणाला फोन करायचा. मी सांगत गेले. मग सहज म्हटलं, एवढं पाठ करून काय करतेस, मी आहे ना इथे.

ती म्हणाली, 'ताई, तुम्हाला सांगितलं नाही का? एक तारखेपासून चाकण माझ्याकडे आहे. इथूनच बघायचं. तिथली पोस्ट बंद होऊन राहिली.'

तिला वाटत होतं मला माहीत आहे. तिला वाटत होतं मीच हे सोपवून देतेय. तिच्याकडे आधीच दोन प्लांट आहेत, पगार तोच. रडायला लागली. मला रडू आलं नाही, नुसता राग आला.

म्हणजे रूट लागला म्हणून मी गेले. नसता लागला तर राहिले असते!

१८ ऑक्टोबर, शनिवार

सरांना व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्यांचा कॅमेरा बंद. म्हणाले, निर्णय वरून आहे, माझ्या हातात काही नाही, तुझं काम छान आहे, तसं लिहून देतो. मग माझ्या परमनंटचं तुम्ही काय बघत होतात सर? म्हणाले, प्रयत्न केला. खोटं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना.

दिवाळीसाठी प्लांट बंद व्हायच्या आधी पेटीसमोर जाऊन बसले. रूट पुसायची कमांड टाइप केली. बराच वेळ बघत राहिले. मग खोडली. मी लावलेला आहे, माझ्या हातानं नाही पुसवणार. मूर्ख आहे मी.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन, गल्लीभर फटाके. पप्पांना सांगितलं नाही. ते शेजारच्यांना निळ्या पट्टीबद्दल सांगत होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्लांट सुरू झाला. शेड तीनचं एकही मशिन नागपूरशी बोलत नाही. जाऊन बघितलं – केबली जागेवर, पेटी चालू, रूट नाही. आणि फाइलमधली ती ओळही नाही. अशी ओळ आपोआप जात नाही, कुणीतरी आत शिरून हातानं काढावी लागते. मी काढलेली नाही. सरांना तर फाइल कुठे आहे हेही माहीत नाही.

सरांनी आम्हा दोघींना फोनवर एकत्र घेतलं. योगिनीचा आवाज एकदम कोरडा. 'सर, माझं लॉगिनच होऊन नाही राहिलं. इथून काहीच होत नाही. तिथं माणूस पाहिजेच सर. दीक्षाताईच पाहिजेत.'

सर म्हणाले, एक तारखेचं आपण थांबवू. दीक्षा, तुला किती वेळ लागेल?

मी म्हणाले, बघते सर. वेळ लागेल.