खाटेवरच्या बाईला विचारा

माझगाव, मुंबई
ता. ११ जानेवारी १९३४

चि. सगुणास रावजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक. तिकडे काय चाललं आहे ते आता तूच सांग.

आईने भागोजी काकांकडून लिहवलेलं पत्र काल गोदीतून आल्यावर वाचलं. राहीच्या छातीत गळू झालं, चार दिवस ती तापाने फणफणत होती आणि पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चीर दिली. हे कुठे, तर माझी सख्खी बहीण जिथे नर्स आहे त्याच इस्पितळात! राहीला माहेर नाही, तेव्हा बाळंतपण गुहागरला घरीच करू, असं आई म्हणत होती. हट्ट धरलास तू. वहिनी माझ्या डोळ्यांसमोर राहील, असं लिहिलं होतंस. काय करत होते तुझे डोळे?

तुझं कपाळ पांढरं झाल्यावर तुला नर्सिंगला घातलं, म्हणून सारी भावकी माझ्या अंगावर आली होती. मी कोणाला जुमानलं नाही. आज त्यांच्यापुढे मान वर करायची सोय तू ठेवली नाहीस.

येत्या वीस तारखेला, शनिवारी, राहीला आणि बाळाला घरी न्यायला काकांना कळवलं आहे. पोटीस बांधायला आई समर्थ आहे. रागाने लिहितो आहे, तरी स्वतःच्या खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस.

तुझा दादा,
रावजी


रत्नागिरी
ता. १४ जानेवारी १९३४

ती. दादास सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मुंबईत बसून माझ्या डोळ्यांचा हिशेब मागणं सोपं आहे.

मी सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी जाऊन विचारत होते, काय दुखतं, दूध नीट येतं का. दर वेळी उत्तर तिच्या उशाशी बसलेल्या आईने दिलं. ताप मला दिसत होता. आई म्हणाली, हिला लग्नापासून हिवताप आहे, थंडीत उठतोच. आम्ही खरं मानलं आणि चार दिवस कोयनेल पाजलं. पाचव्या दिवशी आई भगवतीच्या दर्शनाला गेली तेव्हा मी वहिनीचा पदर बाजूला केला, आणि सुजलेली छाती बघून तशीच डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावले. आईला गप्प बसवायला हवं होतं म्हणशील. तू बसवलं आहेस कधी? आणि वहिनीला तरी तोंड नव्हतं का? एक शब्द बोलली असती तर ही वेळ आली नसती.

जखमेत पू निचरायला बोटभर कापडी वात आहे, ती रोज बदलावी लागते. आता घरी नेलंत तर पू अंगात भिनेल आणि बाळ आईविना राहील, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे. काकांना थांबव. नाहीतर खाट हलवायला आधी मला बाजूला करावं लागेल.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी,
सगुणा


रत्नागिरी
ता. १५ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप घरधनी यांचे चरणी राहीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या कमळाबाई मास्तरीण लिहीत आहेत. मी बोलते तसंच उतरवा, अशी त्यांना शपथ घातली आहे. वन्संना लिहायला सांगितलं नाही, कारण बोलायचं त्यांच्याविषयीच आहे.

तुमचं पत्र आणि वन्संचं उत्तर, दोन्ही मी हट्टाने वाचून घेतली. तुम्ही वन्संवर रागावलात, वन्सं सासूबाईंवर आणि शेवटी माझ्यावर. मला राग येतो हे कोणाच्या ध्यानातच नाही.

बाळंत होताना मी ओरडले. तेव्हा वन्सं कानाशी वाकून म्हणाल्या, की इथे मला सगळे ओळखतात, आवाज काढून माझी लाज घालवू नको. मी पदराचा बोळा तोंडात धरला. पुढे छातीत गाठ ठणकायला लागली, तेव्हाही मी तो बोळा काढला नाही असंच समजा. सासूबाई माझ्याऐवजी बोलल्या हे खरं. पण वन्सं प्रश्न मला विचारायच्या आणि बघायच्या सासूबाईंकडे. पलीकडच्या खाटेवर एक खारवीण होती, मासेमाराची बायको. तिच्याजवळ बसून, हात धरून विचारायच्या आणि ती सांगेपर्यंत उठायच्या नाहीत. मी घरची पडले, म्हणून मला उभ्याउभ्या विचारलं.

हे काल वन्संच्या तोंडावर बोलले. त्या रडल्या. मी त्यांना उगी केलं नाही. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर ओसरीवर बसवलं, माझ्यापाशी टेकल्या आणि पुन्हा विचारलं. तेव्हा सांगितलं, की उजव्या बाजूलाही गाठ धरते आहे. त्यांनी रात्रीपासून शेकून, दूध काढून ती उतरवत आणली आहे. तिथे चीर लागणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

काकांना पाठवू नका. आले तरी मी उठणार नाही. बाळ चांगलं पितं. मी कशी आहे, हे विचारणारं एकही पत्र तुम्ही मला घातलं नाहीत. लोभ असेल तर मलाच विचारत जावं, ही विनंती.

राही