टोपडं धुऊ नकोस

दादा,

मी कामावर चाललोय, तुला उठवलं नाही. आजपासून शेगडीत तुझ्या सुतारकामाचे उरलेले तुकडे घालू नकोस. फुकटचे आहेत, कबूल. पण रंग-पॉलिश लागलेलं लाकूड ते, त्याच्याच धुरानं बाळ खोकत होतं. वहिनी बाळाला घेऊन माहेरी गेली ती रुसून नाही, घाबरून गेलीय. तोंडावर बोललो असतो तर तू भडकला असतास, म्हणून चिठ्ठी.

दाराजवळच्या पोत्यात बिनधुराच्या कोळशाच्या वड्या आहेत. पोतं महाग वाटेल, पण दोन-तीन वड्यांत अख्खी संध्याकाळ निघते. पेटायला वेळ लावतात, तुझ्यासारख्या लगेच पेटत नाहीत, तेव्हा धीर धर. धुराडं मी साफ केलंय. खिडकी मात्र बोटभर उघडी ठेव, धूर दिसला नाही तरी विषारी वायू असतोच.

आता खरी गंमत. काल तू कामावर असताना मी याच वड्या पेटवल्या आणि बाळाचं टोपडं शेगडीच्या वरच्या दोरीला टांगून ठेवलं. वास घेऊन बघ. नुसता साबणाचा येतो!

ते धुऊ नकोस. तसंच खिशात घाल आणि वहिनीच्या हातात नेऊन दे. भाषण नको, तिला नाक आहे.

येताना तिघं या. शेगडी मी पेटवून ठेवतो.

तुझा धाकटा