कमी पडलेला च

कॉटनपेट, बेंगळूर
ता. १२ जून १९५८

तीर्थस्वरूप भीमण्णांस त्रिविक्रमचा साष्टांग नमस्कार. वसुमतीचा आणि लेक नीरजेचाही. तुमचा खोकला आता कितपत आहे, अडुळशाचा काढा घेता की नुसता उकळून ठेवता, आणि नव्या चष्म्यानं टीकाग्रंथांतली बारीक अक्षरं दिसतात का, हे सविस्तर कळवावं. इकडे सर्व खुशाल. हा शब्द आपण प्रत्येक पत्रात लिहितो आणि वाचणारा त्यावरून तसाच पुढं जातो, पण या खेपेला जरा थांबावं. गेल्या दोन आठवड्यांत माझी नोकरी, माझी झोप आणि (हे तुम्हांला आवडणार नाही) माझं द्वैतमताचं ज्ञान या तिन्ही गोष्टी जाता जाता राहिल्या आहेत. तिऱ्हाइताकडून उलटसुलट ऐकण्यापेक्षा मीच सगळं लिहितो.

आमचा छापखाना मुळात कन्नड कामाचा, हे तुम्ही जाणताच. लग्नपत्रिका, पंचांगं, नाटकांची हस्तपत्रकं. देवनागरी खिळ्यांची एकच केस (अक्षरागणिक एक घर असलेली पेटी) आहे, तीही संस्कृत स्तोत्रांसाठी घेतलेली. मालक आप्पाजीराव आपल्यातलेच, पण त्यांची मराठी बोलण्यापुरती. वाचायलिहायचं ते माझ्यावर सोडतात. एप्रिलात त्यांनी एक मराठी काम धरलं. बेळगावकडून इकडच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आलेली मराठी ख्रिस्ती मंडळी कंटोन्मेंटात राहतात, शंभरएक माणसं असतील. त्यांचे पाद्री येसाजीबाबा म्हणून सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी प्रश्नोत्तरांचं एक लहान पुस्तक लिहिलं होतं, पहिला भाग पवित्र शास्त्राविषयी, दुसरा देवाच्या स्वरूपाविषयी. जूनच्या पहिल्या तारखेला त्यांचा त्रैक्याचा रविवार होता (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, तरी देव एकच, ही त्यांची मुख्य शिकवण आणि तिचाच हा सण). त्या दिवशी पुस्तक मंडळींच्या हाती पडायला हवं होतं. प्रुफं तपासायला मी आणि जुळारी आमचा मल्लाप्पा. मल्लाप्पाला मराठी येत नाही, पण अक्षरं ओळखतो आणि समोर जे दिसेल ते हुबेहूब जुळवतो, मग त्याला अर्थ असो वा नसो.

अडचण आली ती च या अक्षराची. संस्कृतात च सावकाश, मानानं येतो. मराठीत चा, ची, चे, च्या यांची रांग संपत नाही, शिवाय हाच, तोच, असेच आहेतच. त्यात पाद्रीबाबांना ठासून बोलायची सवय. दुसरा फर्मा (एका वेळी छापायच्या पानांचा संच) जुळवताना मल्लाप्पा केस उचलूनच माझ्यासमोर आला, तर च चं घर रिकामं. पहिला फर्मा अजून यंत्रावर होता, त्याचे खिळे सुटायला दोन दिवस लागणार, आणि पुण्याहून नवे मागवायचे तर पंधरा. मालक म्हणाले, राव, स्वल्प च कमी करा की, अर्थ तोच ठेवा म्हणजे झालं. (त्यांच्या या वाक्यातच दोन च होते, पण मालकांची प्रुफं तपासायची नसतात.)

मी पाद्रीबाबांना विचारायला हवं होतं. पण अण्णा, मुद्रितशोधकाचा जन्म दुसऱ्यांच्या चुका वेचण्यात जातो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला लिहायला सांगितलं होतं. मी बाह्या सरसावल्या. 'देवाचे वचन' होतं, त्याचं 'देववचन' केलं. 'शास्त्राचा अभ्यास' होता, तो 'शास्त्राभ्यास' झाला. लहानपणी तुम्ही छडीनं शिकवलेले समास असे चाळीस वर्षांनी ख्रिस्ती मंडळींच्या कामी आले. एकूण एकेचाळीस च वाचवले, आणि त्यातला शेवटचा दुसऱ्या भागाच्या अगदी आरंभी. प्रश्न: देव किती आहेत? उत्तर: देव एकच आहे. मी तो च खोडला आणि शांतपणे लिहिलं, देव एकटा आहे.

मराठी माणसाच्या हातून हे झालं कसं, असं तुम्ही विचाराल. आपली मराठी तीनशे वर्षं कानडीच्या शेजारात राहिलेली. 'देवरु ओब्बने' म्हटलं तर देव एकच, आणि 'ओब्बने बंद' म्हटलं तर एकटा आला. दोन्हींना शब्द तोच. दिवसभर कानडीत वावरणाऱ्या माझ्या डोक्यानं कानडीत अर्थ लावला आणि हातानं तो मराठीत उतरवला. मालक खूश, मल्लाप्पा खूश, फर्मा चढला. शुक्रवारी पाचशे प्रती बांधून कंटोन्मेंटात रवाना झाल्या.

शनिवारी दुपारी डबा खाताना मल्लाप्पानं सहज विचारलं की त्या शेवटच्या दुरुस्तीतला 'एकटा' म्हणजे काय. मला शिकवायचा उत्साह. मी म्हटलं, एकटा म्हणजे बघ, बायको माहेरी गेली, मुलं झोपली, ओसरीवर माणूस बसलाय आणि त्याच्याशी बोलायला कुणी नाही, असा जो असतो तो एकटा. मल्लाप्पानं घास हातातच धरून विचारलं, "म्हणजे त्यांचा देव तसा आहे?" माझ्या डब्यातला हुळी-भात त्या दिवशी तसाच घरी परत गेला.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका शोधकानं लग्नपत्रिकेत वराच्या जागी वराच्या वडिलांचं नाव जाऊ दिलं होतं. मालकांनी त्याला त्याच संध्याकाळी कायमचं घरी पाठवलं. मी तर कुणाचा नवरदेव बदलला नव्हता. एका अख्ख्या समाजाच्या देवाला पोरकं करून ठेवलं होतं. रात्रभर हिशेब करत होतो की या वयात मला दुसरीकडे कोण घेईल. पहाटे ठरवलं की उपासना सुरू व्हायच्या आत जाऊन पाद्रीबाबांच्या पायांवर डोकं ठेवायचं. स्नान, संध्या उरकली, गोपीचंदनाच्या मुद्रा लावल्या आणि एकटाच निघालो.

बस उशिरा आली. मी पोचलो तेव्हा, त्यांची उपासना भरते त्या शाळेच्या हॉलमध्ये गाणं सुरू झालं होतं. मी मागच्या दाराशी चपला काढून उभा राहिलो, तर देवाप्पा नावाच्या एका उंच स्वयंसेवकानं मला पाहिलं. धोतर, उपरणं, दंडावर शंखचक्र, कपाळावर अंगारा. त्याला वाटलं, सत्य शोधत कुणी मोठे शास्त्रीबुवा आले. त्याचे डोळे भरून आले, अण्णा. त्यानं माझा हात धरून मला शंभर माणसांमधून नेलं आणि पहिल्या ओळीत मधोमध बसवलं. हातात गीतांचं पुस्तक दिलं. मी गायलो नाही, पण (खोटं कशाला सांगू) चाल आपल्या भजनाचीच असल्यामुळे मांडीवर ताल धरला गेला.

मग पाद्रीबाबा उभे राहिले. अंगानं काटकुळे, पण आवाज घंटेसारखा. नवं पुस्तक छापून आल्याचं सांगून त्यांनी छापखान्याचे आभार मानले. मी जमिनीकडे पाहत होतो. मग त्यांनी दुसरा भाग उघडला आणि खणखणीत विचारलं, देव किती आहेत? शंभर माणसांनी पुस्तकात पाहून एका सुरात उत्तर दिलं, देव एकटा आहे.

पाद्रीबाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पान डोळ्यांजवळ नेलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठून उभी राहिली. भागुबाई त्यांचं नाव, हे मला मागाहून कळलं. एका गोऱ्या साहेबाच्या घरी तीस वर्षं आया होत्या. साहेब विलायतेला गेला, नवरा वारला, मुलगा सैन्यात कुठं लांब असतो. त्या म्हणाल्या, "पाद्रीबाबा, हे ठाऊक नव्हतं मला. देव एकटा असला तर त्याला म्हणावं माझ्याकडे ये राहायला. माझीही खोली रिकामीच असते."

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारचा गिरणीवाला खिडकीकडे बघायला लागला. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, आणि पुढं जे बोलले ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे. म्हणाले, "बाई, छापलंय ते चुकीचं आहे. देव एक आहे, पण एकटा तो कधीच नव्हता. जग नव्हतं, तुम्ही-मी नव्हतो, तेव्हाही पित्याची पुत्रावर माया होती, पुत्राची पित्यावर होती, आणि त्या मायेत पवित्र आत्मा होता. करमत नाही म्हणून त्यानं माणूस केला नाही. घर आधीच भरलेलं होतं, त्यात आपल्यालाही बोलावलं, इतकंच. वीस वर्षं मी तुम्हांला तीन आणि एक यांचं गणित घालत आलो, ते तुम्हांलाही सुटलं नाही आणि मलाही नाही. आज या बाईंमुळे ते गणितच नव्हतं असं कळलं." मग भागुबाईंकडे वळून म्हणाले, "तरी तुमचं बोलावणं त्याला पोचलं असं समजा."

भागुबाई कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणाल्या आणि बसल्या.

मी तिथं बसल्या बसल्या आपल्याकडचा विचार करत होतो. देव स्वतंत्र, बाकी सगळं त्याच्या अधीन, हे तुम्ही मला पाठ करून घेतलंत. पण स्वतंत्र म्हणजे एकटा का, हे मी कधी विचारलं नाही. मग आठवलं की लक्ष्मी त्याला क्षणभरही सोडून नसते असं आपणही म्हणतोच. त्यांचं आणि आपलं एक आहे असं मी म्हणत नाही. (तुमच्या कपाळावरची शीर इथपर्यंत दिसली.) मला एवढंच समजलं की एका टा मुळे त्या मंडळींचं काय जात होतं.

उपासना संपल्यावर मी पाद्रीबाबांना गाठून सगळं सांगितलं. रिकामं घर, एकेचाळीस च, कानडी ओब्बने. ते ऐकून घेत होते आणि मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, हसत होते. म्हणाले की बाकीच्या चाळीस ठिकाणी भाषा सुधारली आहे, आपण नको तिथं ठासून बोलतो असं त्यांच्या पत्नी नेहमी सांगत आल्या. मी विचारलं, शास्त्राच्या पुस्तकात चूक झाली याची भीती नाही वाटत? आपले वेद कुणी रचलेच नाहीत, म्हणून त्यात चुकायला माणूस नाही, हेही मी (थोड्या तोऱ्यात) ऐकवलं. ते म्हणाले, "आमचं शास्त्र देवानं माणसांकडूनच लिहवून घेतलं. कुणी राजा, कुणी मेंढपाळ, कुणी कोळी. आत्मा त्याचा, पण हात त्यांचे. माणसाच्या हातावर इतका विश्वास टाकणारा देव तुमच्या छापखान्याला घाबरेल होय?"

अण्णा, मला एकदम भूक लागली. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा.

त्यानंतर पाच दिवस काम सुटल्यावर मी कंटोन्मेंटात बसून पाचशे प्रतींत टा खोडून च लिहीत होतो, देवाप्पा वाळू टाकून शाई टिपत होता. चारशे नव्व्याण्णव झाल्या. भागुबाईंनी आपली प्रत दिली नाही. पाद्रीबाबांचं बोलणं समजलं, पटलं, पण माझ्या पुस्तकात असू द्या, म्हणाल्या. मालकांना मी आपण होऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की पाद्री रागावले का. नाही म्हटल्यावर त्यांनी पुण्याला पत्र घालून नुसते च मागवले, चार शेर. नोकरी शाबूत आहे. झोप येते. या पत्रात मी च कसे सढळ हातानं वापरलेत, ते तुमच्या ध्यानात आलं असेलच.

प्रकृतीस जपावं. लोभ आहे, तो राहावा.

तुमचा धाकटा भाऊ,
त्रिविक्रम

ता. क. एक विनंती होती. पाद्रीबाबांना काही कामानं चार दिवस धारवाडला यायचं आहे आणि त्यांची तिथं ओळख नाही. देवाच्या स्वरूपावर वाद घालायला तुमच्याइतका तयार माणूस मला दुसरा ठाऊक नाही, असं मी बोलून गेलो. ते फार आनंदले. त्यांची उतरायची सोय तुमच्याकडे होईल का? सोवळ्याओवळ्याचं तुम्ही ठरवाल तसं. नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही, उलटटपाली कळवावं.

पुन्हा ता. क. (सोमवार). वरचं पत्र पेटीत टाकायचं धैर्य चार दिवस झालं नाही. पाद्रीबाबा आज रात्रीच्या गाडीनं निघतात, तेव्हा ते त्यांच्याच हाती देतो आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते ओसरीवर उभे असतील. लांबलचक झालं याची क्षमा असावी, त्यांना तोवर बसायला सांगा, हे मी आरंभीच लिहायला हवं होतं.

भावोजींस वसुमतीचा नमस्कार. पत्र पाकिटात घालण्याआधी वाचलं. एकटाच निघालो असं यांनी लिहिलं आहे, ते खोटं. शाळेच्या फाटकातून हे दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा मी आत ढकललं. बायकांच्या बाजूला मी भागुबाईंशेजारीच होते. आता त्या दर गुरुवारी आमच्याकडे येतात. पाद्रीबाबा परवा आमच्या माजघरात यांच्याच पंक्तीला जेवले, हेही यांनी लिहायचं टाळलं. पानात काही टाकत नाहीत, पण तिखट सोसत नाही. जाऊबाई अक्का गेल्यापासून एका जिवासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो असं तुम्ही नीरजेला लिहिलं होतंत. हे चार दिवस दोघांचा भात टाकावा.