टेबलाखालचा दगड

पिपलानी, भोपाळ

तीर्थरूप आप्पांना केशवचा नमस्कार.

मी आणि शकुंतला दोघंही ठणठणीत आहोत. इथल्या बाजारात चांगली ज्वारी मिळते, आईला सांगा.

आमच्या वसाहतीच्या क्लबात स्नूकरचं टेबल घ्यायचं ठरलं. निवडायला इंजिनियर साहेबांनी मलाही नेलं, कारण टीव्हीवरचे विलायतेचे सामने मी एकही सोडत नाही. हिरव्या कापडाखाली दगडाच्या लाद्या असतात. चेंडू सरळ रेषेत कोपऱ्यापर्यंत गेला की लोक खेळाडूसाठी टाळ्या वाजवतात. मला लादी बसवणारा आठवतो.

दुकानदार नक्षीचे पाय दाखवून “पत्थर एकदम बढ़िया है, साहब” म्हणत होता. मी टेबलाखाली शिरलो आणि किल्लीने दगड वाजवला, तुम्ही फरशी वाजवता तसा. दोन लाद्या खणखणीत वाजल्या, तिसरी बद्द. बघितलं तर चीर होती. मग साध्या पायांचं दुसरं टेबल घेतलं.

साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात? आप्पा, तुम्ही कंत्राटदार आहात असं मी इथे सगळ्यांना सांगत आलो होतो. त्या दिवशी म्हटलं, माझे वडील फरशी बसवतात.

गुडघे कसे आहेत? अजून उकिडवं बसून काम करता का? खरं कळवा.

पुढच्या महिन्यात टेबल येईल. लाद्यांची पातळी बघायला तुम्ही पाणसळ घेऊन या. वाकायचं काम मी करीन, तुम्ही खुर्चीत बसून सांगा. क्लबात सांगून ठेवलं आहे, माझे वडील येतील तेव्हाच टेबल बसेल.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
केशव