भरतीत बुडणारा प्लॉट आणि कलशावरचा नारळ

वुडलँड्स, सिंगापूर
४ डिसेंबर २००५

तीर्थस्वरूप सविताताईस,

धाकट्या नंदाचा वाकून नमस्कार. (उजवा हात खांद्यापासून ठणकतो आहे म्हणून अक्षर असं आलंय. कारण पुढे येईलच.)

आपल्या कॉन्व्हेंटची मागची पायरी तुला आठवते का गं? धुणीघराकडची, दुपारी ऊन नसायचं ती. डब्यात आईने एकच नारळाची वडी दिलेली असायची आणि तू ती पायरीच्या कडेवर आपटून दोन तुकडे करायचीस. मोठा तुकडा नेहमी मला. तुझा तोंडात जायच्या आत घंटा व्हायची, तू तो खिशात कोंबायचीस आणि वर्गाच्या दारात सिस्टर बर्नाडेट नेमका काढून घ्यायच्या. एकदा तू मला म्हणालीस, "नंदू, मोठी झाले की मी घंटा नसलेल्या ठिकाणी राहणार." तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. आता अडुसष्टची आहेस, आणि मीनल फोनवर सांगत होती की तुमच्या नव्या फ्लॅटची बेल आरती म्हणते.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसतं लावल्याचं सांगतेस? प्रेशरच्या गोळ्या कॅलेंडरवर खूण करून घेत जा. मीनलला आणि तिच्या मुलांना आशीर्वाद. आमच्याकडे लेक इरा आणि तिची श्रिया मजेत आहेत. माझं विचारशील तर, ताई, मी तीन आठवडे झाले तरी धक्क्यातून बाहेर आलेले नाही. मुळापासून सांगते.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत आमच्या निशिकांतना शैलेंद्र नावाचा एक गृहस्थ भेटला. पूर्वी कुठल्याशा बँकेत होता, आता "रिटायरमेंट लाइफस्टाइल" विकतो. (हे काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. आपल्या आप्पांनी रिटायर झाल्यावर एक आरामखुर्ची घेतली होती, बस.) त्याने निशिकांतना गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक दिलं. इंडोनेशियातलं लेंगांग नावाचं बेट, समुद्रालगतचे प्लॉट, क्लबहाऊस, चोवीस तास पाणी. सदतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, ज्याने मला कधी मेथीची जुडी सुद्धा न उलटता घेऊ दिली नाही, त्याने ते पुस्तक उशाशी ठेवलं. मला वाटलं, वाचू दे, निरुपद्रवी आहे.

मग एका शनिवारी सकाळी दारात एक चिनी जोडपं उभं. हसतमुख, चपला बाहेर काढून आत आलेलं. मला वाटलं नवे शेजारी, मी चहा टाकला. बाईंनी स्वयंपाकघर बघितलं, फ्रिज उघडून बघितला, आणि मोठ्या आपुलकीने विचारलं की देवघर आम्ही नेणार की भिंतीलाच ठेवणार. ताई, माझा फ्लॅट विकायला निघाला होता आणि मी खरेदीदारांना आलं घालून चहा पाजत होते. सही माझीही होती म्हणे. निशिकांतनी कुठल्याशा फॉर्मवर ती घेतली तेव्हा मी समजले पाण्याचं बिल. चोवीस वर्षं राहिले मी ह्या शहरात, त्यातली सतरा ह्या घरात. खालच्या मजल्यावरची मलय फातिमा आणि मी जिन्यात एकमेकींची भाषा शिकलो, इराचं लग्न इथून झालं. मी फक्त म्हटलं, आधी मी ते गाव बघणार, मगच घर जाईल.

आता इथे नारळाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणातल्या पूजेच्या कलशावरच्या नारळाला ह्या वर्षी कोंब फुटला. असा नारळ फोडत नाहीत, लावतात, हे आईने सांगितलेलं. पण अकराव्या मजल्यावर लावायचा कुठे? मी तो बादलीत पाण्यावर ठेवला, तर डेंगूच्या तपासणीला आलेल्या माणसाने बादली बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या खेपेला दंड होईल असं अत्यंत अदबीने बजावून गेला. तेव्हापासून तो नारळ ओल्या पंच्यात गुंडाळून मी घरभर लपवत होते. लेंगांगला जाताना मी तो पिशवीत घातला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून खण, तांदूळ आणि हळकुंड होतंच.

एक मोठी फेरीबोट, मग एक छोटी बोट, मग एक लाकडी होडी जिच्यात आमच्याबरोबर सिमेंटच्या गोणी आणि एक आजारी जनरेटर होता. निशिकांत बॅगेवर फाइल धरून बसले होते, वर टाय. (समुद्राला भेटायला टाय लावून जाणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.) गाव म्हणजे पाण्यात खांबांवर उभी चाळीस घरं आणि मागे नारळीची टेकडी. क्लबहाऊस म्हणजे व्हॉलीबॉलचं जाळं ठेवायची झोपडी. चोवीस तास पाणी होतं, घराखाली, खारट. निशिकांतनी पुस्तकातल्या नकाशावरून आपण निवडलेला चौदा नंबरचा प्लॉट शोधून काढला, टेपने मोजला, चारी कोपऱ्यांत खुंट्या असल्याची खात्री केली आणि समाधानाने चहाला आले. चहा होईपर्यंत भरती आली. प्लॉट गेला. खुंट्यांची टोकंसुद्धा दिसेनात. मुखिया पाक दारमान (पाक म्हणजे बाबा) ह्यांनी सांगितलं की जागा तशी चांगली आहे, खेकडे भरपूर, पण दिवसातून दोनदा नसते.

पुढचं मला माझ्या मोडक्या मलयमधून कळलं, आणि फातिमाचे मी किती आभार मानू. ह्या गावात जमीन कुणी विकत नाही. शैलेंद्र आला होता, फोटो काढले, तीन शहाळी प्यायला आणि गेला. निशिकांत ऐकेनात. पँट दुमडून टायसकट पाण्यात उतरले, चौदा नंबर शोधायला.

मी आत मुखियांच्या बायकोपाशी, इबु रोहानीपाशी बसले. इबु म्हणजे आई. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच आधी खायला घालून मग विचारणारी. निघताना मला राहवलं नाही. ती मुसलमान, म्हणून कुंकू नाही लावलं, पण तिच्या ओच्यात तांदूळ, खण, हळकुंड आणि तो कोंब फुटलेला नारळ घातला. म्हटलं, ह्यांना अंगण आहे, लावतील बिचाऱ्याला.

ताई, इबुने नारळाकडे बघितलं आणि हाक मारून सगळ्या बायका गोळा केल्या. मला हाताला धरून टेकडीवर नेलं, कोरड्या जागी, जिथून समुद्र दिसतो पण येत नाही. माझ्या हातात कुदळ दिली. मला वाटलं मान देताहेत, पहिली माती मी उकरायची. तर पहिली आणि शेवटची, सगळी मीच. तासभर खणलं मी, त्रेसष्टाव्या वर्षी, सुती साडीत, सगळ्या बायका कडेला बसून सूचना देत होत्या. (अगदी आपल्याकडच्यासारखंच.) नारळ लागला, माती चेपली, आणि इबु मोठ्याने काहीतरी बोलली. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच ऐकलं. इथे कोंब घेऊन येणारी बाई राहायला आलेली असते. जिच्या हातून झाड लागलं, तिची ती जागा. पुढे तिच्या मुलीची.

एवढ्यात निशिकांत कमरेपर्यंत चिखलाने भरलेले वर आले. इबुने त्यांना पायापासून टायपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्याला ठेवायचं का? तू ठरव."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, विचार करते.

घरी आल्यावर निशिकांतनी फ्लॅटची विक्री स्वतःच रद्द केली, पुस्तक रद्दीत घातलं आणि शैलेंद्रला फोन केला. तो म्हणाला, काका, मायनर इश्यू आहे. श्रियाने फोटो बघून एवढंच म्हटलं, "आज्जी, कॅन फिश फ्रॉम द टॉयलेट, लाह." (म्हणजे संडासात बसून मासे धरता येतील. लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.) तेव्हा तू काळजी करू नकोस. एका माणसाच्या वेडापायी म्हातारपणी उघड्यावर पडण्याची वेळ टळली. आम्ही कुठेही जात नाही.

तुझी धाकटी,
नंदू

ता. क. सिमेंटच्या होडीवाल्याबरोबर इबुचा निरोप आला. दुसरं पान फुटलं आहे, आणि कुंपण तिने घातलं, छप्पर कधी घालणार?

ता. क. २ मी दोन जानेवारीला जाते आहे. आधी तीन महिने. फ्लॅट राहू दे, इरा कुलूप उघडून झाडून घेईल. निशिकांतनी बरोबर येऊ का, असं काल रीतसर विचारलं. उत्तर द्यायचं आहे. बहुतेक हो म्हणेन, पण टाय ठेवून यायचा.

ता. क. ३ आता मुख्य. ताई, तुझ्याकडे माझी ट्रंक आहे. तिच्यातली जांभळी पैठणी मीनलला दे, तिने एकदा नेसून परत घडी करताना तोंड फिरवलं होतं, मी पाहिलं. आईच्या मोत्याच्या कुड्या इराला. चांदीचं फुलपात्र तुझ्या धाकट्या नातवाला, तो भोक पाडेल, पाडू दे. बँकेने निशिकांतना दिलेलं ठोक्यांचं घड्याळ मी इथून शैलेंद्रला पाठवते आहे, दर तासाला आठवण राहावी. आईची खोवायची विळी कुणाला देऊ नकोस. ती कागदात गुंडाळ आणि तू स्वतः घेऊन ये. पासपोर्ट मीनल काढेल, तिला वेगळं लिहिलं आहे. टेकडी चढायला पाक दारमान खुर्ची बांधून देणार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

पहिला नारळ धरायला सहा-सात वर्षं लागतात म्हणे. तो तुझा. तेवढं तुला थांबावं लागेल, म्हणून गुडघ्यांना तेल लाव. वडी मी करीन, पायरीच्या कडेवर तोडीन आणि मोठा तुकडा तुला देईन. सावकाश खा. तिथे घंटा होत नाही.